जाळीचं मूळ माप

११ फेब्रुवारी २००७, रविवार

आज शेवयांच्या मशीनची जाळी मोडली. पुढे कोणी विचारलं तर तारीख हाताशी असावी म्हणून आधी तेवढंच लिहिलं. आता सविस्तर.

होळी झाली की आमच्या डिंगोरे गावात बायका शेवया करायला काढतात, म्हणून मशीन तीन आठवडे आधी उघडून धुवायचं, असा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम. आबा जाऊन दोन वर्षं झाली तरी मी तो पाळतो. जाळी म्हणजे मशीनच्या तोंडाशी बसणारी पितळी चकती. तिला एकसष्ट छिद्रं. मागून कणीक दाबली जाते आणि एकसष्ट शेवया एकदम खाली येतात. चकती धुऊन मी बसवली, वरचा नट आवळला, अजून थोडा आवळला, आणि टक्‌ असा आवाज आला. तेवढाच. काढून पाहिलं तर मधोमध तडा. हातात धरली तर दोन तुकडे झाले.

आई उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. तिने विचारलं, "काय वाजलं रं?"

मी म्हणालो, "जुनी होती. गेली."

नट मी जास्त आवळला हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितो.

मशीन १९९३ साली आलं. पिंपरीचा कारखाना बंद पडला तेव्हा आबा दोन वस्तू घेऊन घरी परतले. एक मायक्रोमीटर, तेलकट कागदात गुंडाळलेला, आणि दुसरं नगरच्या एका वर्कशॉपमधून आणलेलं हे मशीन. मी दहा वर्षांचा होतो. टेम्पोतून उतरवताना चार माणसं लागली होती. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीबाहेरचं कोणी आलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या साळुबाई आल्या. त्या आल्या आणि मग सगळं गाव आलं. ओट्यावर परातींची रांग लागायची. मी पुठ्ठ्याचे नंबर वाटायचो. अंगणात बाजा, बाजांवर जुनी लुगडी, त्यांवर शेवया, आणि आम्ही पोरं कावळे हाकायला. तुटलेल्या ओल्या शेवया आम्हाला खायला मिळायच्या. कणकेवर वरून पाणी मारावं लागतं, म्हणून प्रत्येक बाई परातीबरोबर तांब्या भरून आणायची, अजूनही आणतात, कारण आमच्या हापशाचं पाणी खारट आहे. मला आठवतं, ऊन चढलं की ते तांबे एका ओळीत चकाकायचे.

आता रात्रीचे साडेआठ. लाईट जाईल. थांबतो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नारायणगावच्या लेथवाल्याकडे तुकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "एवढी बारीक होलं? माझी ड्रिलं काडीगत मोडतील, राव. भोसरीला जा."

बाजारात तयार जाळ्या आहेत, पण नव्या मशीनच्या. आमच्या मशीनचं तोंड शहाण्णव मिलिमीटर. तसं आता कोणी बनवत नाही. नगरचं ते वर्कशॉप कधीच बंद झालं.

आई म्हणाली, "ह्या साली ऱ्हाऊ दे."

आईने असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. शेवयांच्या दिवसांत ती एरवी सण असल्यासारखी उत्साहात असते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ओतूरला गेलो होतो. सुवालालकाकांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि वरच्या माळ्यावर त्यांच्या संयमने तीन कॉम्प्युटर टाकून नेट कॅफे काढलाय. संयम आणि मी आठवीपर्यंत एका बाकावर होतो. मी पुढे दहावीला गणितात सुटलो, इंग्रजीत अडकलो, आणि आबा आजारी पडल्यावर परत बसलो नाही. ही डायरीसुद्धा त्यांच्याच दुकानाची, दिवाळीला मिळालेली.

संयमने तुकडे पाहिले आणि म्हणाला, "राजरत्नशेठ, आता असं माप घेऊन दारोदार फिरायचं नसतं. पुण्यात एक कंपनी आहे. तिच्या साइटवर चित्र काढायचं, धातू निवडायचा, किती नग ते सांगायचं. वस्तू पार्सलने घरी."

"माणूस न बघता?"

"माणूस न बघता."

"आणि चूक झाली तर?"

"चूक तुझीच असणार ना! चित्र तूच काढणार."

हे वाक्य मला परत येताना जीपमध्ये सारखं ऐकू येत होतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस छिद्रं मोजली. पद्धत लिहून ठेवतो. दाभण छिद्रात घालायचा. अडेल तिथे नखाने धरायचा. बाहेर काढून नखाच्या जागेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची. प्रत्येक छिद्र तीनदा. मधलं माप धरायचं.

दोन्ही तुकडे फळीवर जोडून ठेवले आणि छिद्रांना एक ते एकसष्ट नंबर दिले. मधली छिद्रं मोठी, १.४८ ते १.५२. कडेची १.३१ पासून. एकही दुसऱ्यासारखं नाही. सत्तावीस नंबर चुकलं होतं, ते परत घेतलं. आबांनी शिकवलं होतं की चुकलेलं माप खोडायचं नाही, शेजारी बरोबर माप लिहायचं, म्हणजे कुठे चुकलो ते दिसतं. त्यांच्या हाताखाली मी किती तरी वस्तू मोजल्या. दाराची कडी, सायकलचं बेरिंग, आईची बांगडी. आई म्हणायची, "बापल्योक घर मोजून इकणार हायेत." मायक्रोमीटर फिरवताना शेवटी जो कट्‌कट्‌ असा बारीक आवाज येतो ना, तो ऐकला की मला अजून आबांच्या बनियनचा तेलकट वास येतो.

आबांनी मला सगळं लिहून ठेवायला शिकवलं. स्वतः मात्र एक कागद मागे ठेवला नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज चित्र काढलं. कंपनीचं एक सॉफ्टवेअर आहे, ते फुकट उतरवून घ्यावं लागतं. उतरायला दीड तास लागला. तेवढ्यात संयमच्या आईने, पानबाईकाकूंनी, चहा पाठवला. 

वर्तुळ काढलं, जाडी भरली, धातूंच्या यादीत पितळ निवडलं. मग छिद्रं. तिथे एक सोय होती. एक छिद्र काढायचं आणि बटण दाबायचं, की तसलीच साठ छिद्रं आपोआप जागच्या जागी बसतात.

संयम म्हणाला, "दाब ना बटण. दोन मिनिटांचं काम."

"सगळी सारखी नाहीत."

"अरे, शेवया करायच्यात का रॉकेट सोडायचंय?"

मी बटण दाबलं नाही. एकसष्ट छिद्रं एकेक करून, प्रत्येकाचं माप शंभराव्या भागापर्यंत टाकलं. साडेचार तास. दोनदा लाईट गेली आणि एकदा तेवीस छिद्रं पुसली गेली. मी पुन्हा टाकली. मला आनंद होत होता, हे खरं. इतकं नेमकं काम मी शाळेत केलं असतं तर इंग्रजीतही सुटलो असतो.

२६ फेब्रुवारी, सोमवार

ऑर्डर गेली. बँकेचा ड्राफ्ट रजिस्टरने पाठवला. फोन नंबर म्हणून दुकानाचा नंबर दिला. वस्तूचं नाव काय लिहायचं, तिथे संयमने इंग्रजीत काही लिहिलं, ते मी डिक्शनरीत दोनदा तपासलं.

आता मागे फिरता येणार नाही. झोप नाही.

२ मार्च, शुक्रवार

दुकानात पोचलो तर सुवालालकाका गल्ल्यावरून ओरडले, "राजरत्न, पळ! पुण्याचा फोन आहे, माणूस हसतोय नुसता!"

पलीकडून आवाज आला, "भाऊ, ही एकसष्ट होलं एकसष्ट मापाची काढलीत ती तुमीच का?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं न्हाई. पर पंधरा वर्सं ड्रिल मारतोय, असं चित्र न्हाई पायलं. काय वस्तू हाय ही?"

मी सांगितलं, शेवयांची जाळी. तर तो एकदम म्हणाला, "आरं तिच्या! मी महाळुंगे पडवळचा. सावळाराम. आमच्या आईकडं शेवया पाडायचा लाकडाचा शेवगा व्हता, पाटावर बसून दाबायचा. तुमी कुठलं?"

"डिंगोरे."

"मग पावणंच की! आता खरं सांगा, होलं सारकी का न्हाईत?"

"जुनी जाळी तशीच होती. मला हुबेहूब हवी."

तो मग म्हणाला, "हुबेहूब जुनी पायजे, का नवी पायजे?"

"जुन्यासारखी नवी."

"भाऊ, ही जाळी नवी व्हती तवा होल केवढं व्हतं?"

मी म्हणालो की मी प्रत्येक छिद्र तीनदा मोजलंय. तो म्हणाला, "मोजलंय तर झ्याकच. मी जवळात जवळचं ड्रिल घालतो. कंपनीचा नियम हाय, चित्र तसा माल. पर इचार करा."

मी विचार केला. विचार असा केला की कारखान्यातल्या माणसाला आमच्या मशीनचं काय माहीत.

५ मार्च, सोमवार

काल धुळवड झाली. गावातल्या लंकाबाई विचारून गेल्या, "शकुबाई, मशीन कवा चालू?" आई म्हणाली, "पोरानं पुन्याला जाळी सांगितलीया. कंप्युटरवर." लंकाबाईंनी हनुवटीला हात लावला. "कंप्युटरवर शेवया? आता खायच्या बी तितंच का?"

लंकाबाईंच्या जिभेला हाड नाही, पण बारा वर्षं त्या रांगेत पहिल्या असायच्या. गेल्या वर्षी दिसल्या नाहीत. मी समजलो आजारी असतील.

१५ मार्च, गुरुवार

पार्सल आलं! पुठ्ठ्याची पेटी, आत भुसा, भुशात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये जाळी. सोन्यासारखी. आईच्या हातात दिली, तर तिने ती उजेडाकडे धरली आणि एकसष्ट कवडसे तिच्या तोंडावर पडले. मी लगेच मोजली. बत्तीस नंबर सोडून सगळी माझ्या मापाच्या जवळपास. नट या वेळी दोन बोटांनी आवळला.

आबा हवे होते.

१६ मार्च, शुक्रवार

सकाळी मशीन लावलं. लंकाबाई परात घेऊन आल्या, आणखी तिघी आल्या. लाईट दहाला जाणार म्हणून घाई. मी बटण दाबलं, शेवया खाली आल्या, आईने त्या काडीवर झेलल्या. बायका गप्प झाल्या. मला वाटलं, कौतुकाने.

लंकाबाईंनी एक शेवई दोन बोटांत धरली. "शकुबाई, जाळी नवी हाय म्हनलीस न्हवं?"

"नवीच हाय."

"मग शेवई तीच की गं म्हातारी!" बाकीच्या हसल्या. "ही शेवई हाय का दोरखंड? खीर करायची का म्हैस बांधायची?"

मी म्हणालो, "मावशी, जुन्या जाळीसारखीच आहे. शंभराव्या भागाचा फरक नाही."

"आरं तेच तर म्हनत्ये, लेकरा! दोन वर्सं झाली, तुमच्या शेवया दुधात शिजंत न्हाईत. आतून कच्च्या ऱ्हात्यात. ओतूरला नवं मशीन आलंय, त्याची शेवई बघ, केसावानी. शकुबाईचं मन मोडू ने म्हनून कुनी बोलंना."

आईने मान वर केली नाही. काडीवरच्या शेवया तिने बाजेवर पसरल्या, एकेक वेगळी करून, जशी नेहमी करते.

पहिल्या परातीनंतर लाईट गेली. बायका गेल्या, त्या लाईट आल्यावर परत आल्या नाहीत.

१७ मार्च, शनिवार

आता कळलं ते लिहितो. चौदा वर्षं कणीक त्या छिद्रांतून जात होती. आई दर वर्षी सुईने ती साफ करत होती. छिद्रं मोठी होत गेली, इतकी हळू की रोज बघणाऱ्याला दिसलं नाही. मी ती झीज मोजली. शंभराव्या भागापर्यंत नेमकी मोजली, आणि पुण्याहून नवीकोरी झीज करून आणली.

सावळाराम नेमकं हेच विचारत होता. ते बटण मी दाबलं असतं तरी एकच माप लागलं असतं, आणि ते एक माप मला माहीत नाही.

नट मीच जास्त आवळला हे आज आईला सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय. आवाज ऐकला व्हता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय जाळी जुडनार व्हती? मला वाटलं, मोडली ती बरी मोडली. लोकांनी यायचं बंद करायच्या आदी."

२१ मार्च, बुधवार

पाडवा झाला. ओट्यावर कोणी नाही. आई म्हणाली, अक्षयतृतीयेपर्यंत बघू, नाहीतर मशीन सुवालालशेठच्या ओळखीने भंगारात देऊन टाकू. हे तिने भाकरी थापताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. मला ओट्यावरचे तांबे आठवले. मशीन गेलं तर आमच्या दारात गावातलं कोण कशाला येईल? लग्नाला बोलावणं येतं ते सुद्धा शेवयांच्या ओळखीने येतं.

आईला विचारलं, पहिल्या वर्षी शेवई केवढी होती. ती अंगठा आणि बोट जवळ आणून म्हणाली, "अशी. केसापरीस जाड, सुतळीपरीस लई बारीक." बोटांमधली फट मी मायक्रोमीटरने घेणार होतो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पहिल्या वर्षांची एखादी शेवई कुठे सापडली तर! पण शेवई कोण ठेवतं? घरातले सगळे डबे पाहिले. आबांची पेटी पाहिली. फोटोत पाहिलं, १९९६ चा फोटो आहे, त्यात बाजेवर नुसतं पांढरं दिसतं.

२३ मार्च, शुक्रवार

आई संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, "एक जागा हाय."

"कुठे?"

"साळुबाईकडं. माडीवर. काचंच्या पेटीत."

दोन दिवस ती हे मनात ठेवून होती असं दिसतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, "जा म्हनत्ये तर जा. चपला खाली काढ."

२४ मार्च, शनिवार

साळुबाईंच्या घरी गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पण जिना माझ्या आधी चढल्या. माडीवर कपाटाच्या माथ्यावर काचेची पेटी. आत रुखवतातली खोपी. पुठ्ठ्याच्या भिंती, दारात कापसाची गाय, आणि वर शेवयांचं छप्पर. त्यांच्या लेकीच्या लग्नातलं, १९९४ चं. लेकीच्या सासरी मुंबईला एकच खोली, तिथे ठेवायला जागा नाही, म्हणून पेटी माहेरी परत आली. मला तो दिवस आठवला. साळुबाई पहिल्यांदा आमच्या अंगणात उभ्या होत्या आणि आबांनी त्यांच्यासाठी बाज झटकली होती. त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या, घाई असेल.

मी काम सांगितलं. त्यांनी पेटीच्या काचेवर बोट टेकवलं.

"राजा, त्या वक्ताला ह्या आमी खायाला न्हाई केल्या. मांडायला केल्या."

मी म्हणालो, "बरं झालं आजी. खाल्ल्या असत्या तर आज माप कुठून मिळालं असतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझं काही बोलायचं चुकलं. मग म्हणाल्या, "तुजा बा बी असाच व्हता. समदं चांगल्या बाजूनं घ्यायचा." आणि पदराने पेटीवरची धूळ पुसली.

"वरच्याला वारनिस मारलाय. आतल्या घे. पायजे तेवड्या घे."

"छप्पर मोडेल, आजी."

"मोडू दे. लई वर्सं उबं हाय."

काच त्यांनी स्वतः सरकवली. मी वरच्या थराखालून चाळीस शेवया काढल्या आणि वहीच्या कागदात घेतल्या. उतरताना त्यांनी विचारलं, "शकू बरी हाय का? ओट्यावर कुनी येतं का?" मी खरं सांगितलं.

घरी येऊन आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मांडायला केल्या, हेही. ती "व्हय" म्हणाली आणि चुलीत फुंकर घालत राहिली, चूल चांगली पेटलेली असतानाही.

२६ मार्च, सोमवार

चाळीस शेवया मोजल्या. ०.८० ते ०.८४. मधलं माप ०.८२.

पण शेवई वाळली की आकसते, आणि छिद्रातून निघताना थोडी फुगते. म्हणून नव्या जाळीच्या सतरा नंबरच्या छिद्राची, म्हणजे १.४० ची, शेवई काढून दोन दिवस वाळवली. ती भरली १.२१. याच हिशोबाने ०.८२ ला छिद्र ०.९५. तीन वेळा गुणाकार केला. तिन्ही वेळा तेच.

मुद्दाम करून आणलेली ही चुकीची जाळी नसती तर हा हिशोब करता आला नसता, असं मनाला समजावलं. पूर्ण समजलं नाही, पण झोप लागली.

२८ मार्च, बुधवार

ओतूर. सॉफ्टवेअर उघडलं. एक छिद्र काढलं, ०.९५ टाकलं, आणि संयमला म्हणालो, "बटण तू दाब."

"अरे वा! शहाणपण कुठून आलं?"

"साळुबाईंच्या माडीवरून."

बटण दाबलं आणि एकसष्ट छिद्रं एका क्षणात बसली. साडेचार तासांच्या जागी. मी तरी सगळी मोजली, पडद्यावर बोट ठेवून. एकसष्टच होती.

२ एप्रिल, सोमवार

सावळारामचा फोन. या वेळी हसला नाही. "शून्य पंच्याण्णव. हे कुठनं काढलं?" मी सगळं सांगितलं, खोपीचं छप्पर, वारनिस, वाळवलेली शेवई. तो म्हणाला, "भाऊ, इथं साहेब लोक परदेशी माप घेऊन येत्यात, पर कुनी शेवई मोजून आलं न्हाई. आमच्या आईचा शेवगा माळ्यावर पडलाय. गावी गेलो की बघतो, त्याची होलं केवडी झाल्यात ते." मग म्हणाला, "तुमची जाळी मी सोता मारतो. ड्रिल धा होलांमागं बदलतो. आन् हे बघा, आता ही नवी हाय तवर माप लिवून ठेवा."

लिहून ठेवलंय. ०.९५. या पानावर, आणि मशीनच्या पायावर पत्र्याच्या आतून खिळ्यानेही.

१२ एप्रिल, गुरुवार

जाळी आली. दाभण जात नाही, आईची शिवणाची सुई लागली. एकसष्ट छिद्रं, सगळी सारखी. त्यात मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून थोडं चुकल्यासारखं वाटलं.

१३ एप्रिल, शुक्रवार

उद्या जयंती. वस्तीत पताका लावायचं चाललंय. आई म्हणाली, उद्याच्या खिरीला आपल्याच शेवया हव्यात, म्हणून सकाळीच आपली कणीक लावली. कणीक जरा सैल लागते आता, नाहीतर मोटर कण्हते. पहिल्या शेवया आल्या तेव्हा आईने डोळे मिटून त्या तळहातावरून जाऊ दिल्या. बाजेवर लुगडं टाकायला उठली तेव्हा तिने आबांच्या फोटोकडे एकदा पाहिलं.

नऊच्या सुमारास काठीचा आवाज आला. साळुबाई. मागे त्यांची नातसून, डोक्यावर परात. आणि त्यांच्या मागे, काय आहे ते बघायला, लंकाबाई.

आबा करायचे तशी मी बाज झटकली. साळुबाई बसल्या. त्यांनी वाळत घातलेली एक शेवई उचलली, उन्हात धरली.

"हीच," त्या म्हणाल्या. "शकू, हीच गं."

लंकाबाईंनीही एक उचलली, इकडून तिकडून पाहिली, आणि म्हणाल्या, "आता ही कंप्युटरवर खाल्ली तरी चालंल." म्हणजे पसंत पडली.

आईने परात पुढे ओढली. कणकेवर पाणी मारायचं म्हणून तिने हात पुढे केला आणि नातसुनेकडे पाहिलं. नातसून गोंधळली. तिच्याकडे तांब्या नव्हता.

"अगं बया, इसरली का?" लंकाबाई म्हणाल्या. "थांब, माजा देत्ये आनून."

"इसरली न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "मीच म्हनलं, नको आनू. शकू, तुजं पानी दे. आदी मला प्यायला दे, लई ऊन हाय."

आई जागेवरून हलली नाही. मी तिच्याकडे बघत होतो, मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग ती आत गेली. तांब्या राखेने घासल्याचा आवाज आला, घासलेलाच तांब्या. बाहेर आली तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला होता, थोडं पाणी ओट्यावर सांडलं. साळुबाई तांब्या तोंडाला लावून प्यायल्या. उरलेलं कणकेवर मारलं.

"मळ," त्या म्हणाल्या. "ह्या खायाच्या हायेत."

लंकाबाई उठल्या आणि परात आणायला घरी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात परातच होती, तांब्या नव्हता.

दुपारपर्यंत सात पराती झाल्या. मी पुठ्ठ्याचे नंबर शोधले, ते सापडले नाहीत, नवे कापले.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी हापशावर गेलो. दोन वेळा दांडा मारला आणि ओंजळभर पाणी प्यालो. सावकाश, जिभेवर धरून. मी चोवीस वर्षं हेच पाणी पितोय. आईने लहानपणी एकदा सांगितलं की खारट आहे, आणि मी ते तपासलं नाही. सगळं मोजणाऱ्या माणसाने तपासलं नाही.

परत येऊन ११ फेब्रुवारीचं पान काढलं. तिथला शब्द खोडायला पेन टेकवलं होतं. पण चुकलेलं माप खोडायचं नसतं, शेजारी बरोबर लिहायचं असतं. त्या पानावर जागा उरलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्या हापशाचं पाणी गोड आहे.